मच्छिंद्रानं खाल्लेला माग

शंभर वर्षांपूर्वी लंडन शहरात चोर कसे पकडायचे, हे आमच्या गावात माझ्याएवढं कुणालाच माहीत नाही. ही फुशारकी नव्हे. शाळेच्या कपाटात त्यावर एकच पुस्तक आहे आणि ते मी तीनदा वाचलंय. सुरुवातीची पानं उंदरानं खाल्ली, म्हणून लेखकाचं नाव मला विचारू नका. बाकी काहीही विचारा. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात साध्या कपड्यातले तपासनीस पोलीस पहिल्यांदा नेमले, तेव्हा ते फक्त आठ होते. आठ! एवढ्या मोठ्या लंडनला आठ माणसं, आणि आमच्या गावात नुसत्या भजनाला बारा जमतात.

एक मेला, महाराष्ट्र दिनाला, शाळेचं हस्तलिखित निघणार होतं आणि निवडक लेख सोसायटीच्या ओट्यावर सगळ्या गावासमोर वाचायचे होते. मी नववीत. जानेवारीत कळंबला वक्तृत्वात पहिली आले, तेव्हापासून मला कुणी थांबवू शकत नाही असं आई म्हणते, आणि ती ते कौतुकानं म्हणत नाही. मी मथळा ठरवूनच टाकला होता: ‘व्हिक्टोरिया राणीच्या काळातील गुन्हे व पोलीस तपास’.

शांतलिंग गुरुजींनी तो वर्गात वाचला. गुरुजी रिटायर झालेत, पण हस्तलिखिताचं काम त्यांच्याशिवाय होत नाही. चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, "यशोधरा, लंडनला कधी जाऊन आलीस?"

"न्हाय गुरुजी."

"मग तिथल्या चोरामागं का पळतीस? त्याच राणीच्या वक्ताला आपल्या गावात चोरी झाली. तिचा तपास तुझ्याच पणज्यानं केला."

मागच्या बाकावरून आवाज आला, "केला न्हाय गुरुजी, खाल्ला!"

"बोकडासंगट!" दुसरा म्हणाला, आणि वर्ग खदखदला.

हे मला नवं नव्हतं. आमच्या घराला गाव ‘मागखाऊ’ म्हणतं. पूर्वी गावात चोरी झाली की राखणदारानं चोराच्या पावलांचा माग काढायचा. माग गावाच्या शिवेपर्यंत न्यायचा आणि पलीकडच्या गावाला सोपवायचा. मग तो पुढं न्यायची जबाबदारी त्या गावाची. नाही नेला तर भरपाईही त्यांनीच द्यायची. आमच्या घराकडं पिढ्यान् पिढ्या हे राखणीचं काम होतं. माझा पणजा मच्छिंद्र तर पाऊल बघून माणूस उपाशी आहे का जेवलेला ते सांगायचा म्हणे. त्यानं पाटलांच्या घरच्या चोरीचा माग पिंपळवंडीच्या शिवेपर्यंत नेला आणि पाच पंचांसमोर सांगितलं, "माग तुटला." पिंपळवंडी भरपाईतून सुटली, आणि गावानं ठरवलं, यानं पिंपळवंडीकरांकडून बोकड घेतला आणि माग खाल्ला. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, गावकीची सगळी कामं सोडली, पण हे नाव काही सुटलं नाही.

बेल झाल्यावर गुरुजी म्हणाले, "हसणाऱ्यांस्नी ऐकीव ठावं हाय. कागद पाटलाकडं हायेत. कुणी वाचले न्हाईत."

झालं! कुणी न वाचलेला कागद म्हटल्यावर मला रात्री झोप लागत नाही.

पण आधी आबांना विचारणं भाग होतं. आबा म्हणजे माझे आजोबा, कोंडिबा. मच्छिंद्राचे शेंडेफळ, वय ऐंशी. ते दारात बसून अंबाडीचं चऱ्हाट वळत होते. दोन वर्षं पाऊस नाही, बैल छावणीत, तरी ते रोज चऱ्हाट वळतात.

"आबा, तुमच्या वडलांच्या मागाचं लिहू का?"

त्यांचे हात थांबले नाहीत. "कशाला उकरतीस?"

"खरं काय ते कळंल."

"आन खरंच बोकड निगाला तर?"

"तर बोकड लिहीन."

मला वाटलं आता चऱ्हाटाचा फटका बसतो. पण आबांनी नुसता आणखी एक पीळ घातला. मग म्हणाले, "म्या माझ्या लग्नात ऐकलं. तुज्या बापाच्या लग्नात बी ऐकलं. पंगतीत मटन वाढताना कुनीतरी म्हनतंच, ‘कोंडिबाला बोकड नवा न्हाय.’ म्या हसतो. ऐंशी वर्सं हसतोय." पीळ सुटला, त्यांनी परत घातला. "बा माझा लाचखाऊ व्हता का न्हवता, येवडं मरायच्या आदी कळू दे. काय बी निगू दे. बग तू."

बंडप्पा पाटलांची नात शिवकांता माझ्याच वर्गात. तिला बरोबर घेऊन मी सरळ त्यांच्या ढाळजेत, वाड्याच्या दारातल्या बैठकीत, गेले. पाटील सुपारी कातरत होते.

"कागूद? कोंडिबाच्या नातीला?" ते शिवकांताकडं बघत म्हणाले. "काय गं, ही आमच्यावर खटला भरती का काय?"

"न्हाय पाटील," मीच म्हणाले. "लेख लिहायचाय. तुमच्या घराण्याचं नाव यील त्यात."

नाव म्हटल्यावर अडकित्ता थांबला. जुनं दप्तर आतून आलं. लाल रुमालात बांधलेलं, वर विभूतीचे पट्टे, दरवर्षीच्या दसऱ्याचे. पूजा होते, पण गाठ सोडलेली पाटलांनीही कधी पाहिली नव्हती. कागद सगळे मोडी लिपीत. आमच्या गावात मोडी येणारे आता गुरुजीच.

ढाळजेतच बैठक बसली. गुरुजी तीन दिवस वाचत होते. तगाई, गुरांचे दाखले, एका विहिरीचं भांडण. पाटील आधी लोडाला टेकून ऐकत होते, तिसऱ्या दिवशी आमच्यापेक्षा पुढं सरकून बसले. आणि मग तो कागद आला. शके १७९८, फाल्गुन. म्हणजे १८७७. मोठ्या दुष्काळाचं साल! त्याच जानेवारीत दिल्लीला दरबार भरवून व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी केलं होतं, आणि इथं पाटलांच्या पेवातून पाटीभर जोंधळा गेला होता. पेव म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार, तोंडावर दगडाचं झाकण.

गुरुजी बोट ठेवून वाचू लागले. "‘पेवाचे तोंडासी येक पाऊल उमटले आहे. त्याजवर डाले झाकोन ठेविले ते पंचांनी पाहिले. डावे पाऊल. टाच खोल. करंगळी शेजारील बोटावर चढली आहे. लांबी या काडीप्रमाणे. पोराचे पाऊल दिसते.’"

"कोणत्या काडीप्रमाणे?" शिवकांता म्हणाली.

गुरुजींनी घडी उलगडली आणि काडी त्यांच्या मांडीवर पडली. जोंधळ्याच्या धाटाची, दोन्ही टोकं नीट कापलेली, कागदाला बांधायचा दोरा कुजून तुटलेला. शहाण्णव वर्षांची काडी! माग काढणारा पावलाच्या मापाची काडी कापून हातात ठेवायचा, म्हणजे वाटेत दुसऱ्याचं पाऊल आलं तर फसगत होऊ नये. लंडनच्या पोलिसांकडंही असलं काही असेल, पण ते माझ्या हातात थोडंच येणार होतं?

पुढचा कागद मच्छिंद्राच्या जबानीचा. "‘माग शिवेपावेतो नेला. शिवेचे धोंड्यापासोन पूर्वेस पन्नास पावलांवर खडक लागला. खडकावर माग धरीत नाही. सबब माग तुटला.’" खाली पाच पंचांच्या निशाण्या. त्याखाली, काम मच्छिंद्राकडून काढून त्याच्या चुलत्याला दिल्याची नोंद.

"बोकड?" मी विचारलं.

गुरुजींनी दोन्ही कागद पुन्हा चाळले. "बोकड न्हाय."

"म्हंजे घेतला न्हाय?"

"लाच कुनी कागदावर लिवतं व्हय गं?" पाटील म्हणाले, आणि मला ते पटलं. माझ्या पुस्तकात तर लिहिलंय, त्याच १८७७ साली लंडनच्या तपासनीस पोलिसांवरच खटला चालला. ज्यांना पकडायचं त्या ठगांकडून पैसे खाऊन ते त्यांना आधीच खबर द्यायचे. तीन जण तुरुंगात गेले. एवढे नावाजलेले लोक बोकड खातात, तर आमच्या पणज्याचं काय सांगावं? घरी येताना माझं तोंड उतरलं होतं.

सुट्टीत मी आईबरोबर दुष्काळी कामावर जायची. पाझर तलावाचं काम, आमच्या आणि पिंपळवंडीच्या शिवेवर. माती वाहायची, पिवळ्या मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची, भाकरी खायची, सुकडीचा सरकारी खाऊ आला तर भांडण करून घ्यायचा. त्या दिवशी मी पाटी घेऊन बांधाच्या पायाच्या चरात उतरले आणि उतरता उतरता थांबले. हा चर खडक लागेपर्यंत खणायचा असतो, म्हणजे बांधाखालून पाणी जात नाही. ओव्हरसियर साहेब महिनाभर एकच रडगाणं गात होते: चौदा फूट गेलो, काळीच माती, खडक काही लागंना.

मी वर बघितलं. शिवेचा धोंडा वरच उभा होता, शेंदूर फासलेला.

पाटी तिथंच टाकून मी धोंड्यापाशी गेले आणि पूर्वेकडं पावलं मोजली. पन्नासावं पाऊल चराच्या काठावर पडलं. खाली चौदा फूट काळी माती, मऊ, चिकट. फाल्गुनात तिच्यावर मांजराचंही पाऊल उमटलं असतं.

"यशे! मस्टरवर नाव हाय तुजं, का सर्वे करायला आलीस?" मुकादम ओरडला.

मच्छिंद्र खोटं बोलला होता. माझा पणजा सरकारी कागदावर धडधडीत खोटं बोलला होता. पण पंच आंधळे होते का? ते बरोबर चालत आले असतील. का माग काढणाऱ्याच्या मागंच राहायचं, म्हणजे पावलं पुसत नाहीत, म्हणून ते धोंड्यापाशीच थांबले आणि तो पुढून जे सांगेल ते लिहून घेतलं? लंडनच्या पोलिसानं इथं काय केलं असतं? तो म्हणाला असता, हातात जे आहे ते तपासा. हातात काडी होती. म्हणजे खरी काडी पाटलांकडंच, पण तेवढ्याच मापाची मी कापून आणली होती.

दुपारच्या सुट्टीत मी सगळ्यांचे पाय मोजायला घेतले. शिवकांता वहीत लिहायला आली, तिच्या आईला न सांगता.

"आगं, पैंजण करतीस का काय मला?" गजराबाई पाय पुढं करत म्हणाली. "चांदीचं कर."

"मावशी, हलू नका."

"भिमाबाई, तुजी पोरगी येडी झाली बग. शाळंनं डोस्कं फिरतं."

"माजं बी मोज," आई म्हणाली. ती रागावेल असं वाटलं होतं, पण तिनं चिखलाचा पाय नीट पुसला आणि काडीपाशी ठेवला. तंतोतंत बसला!

त्रेपन्न पाय मोजले. एकाही बाप्याचा त्या काडीत बसला नाही, सगळे बाहेर. बसले ते सगळे बायकांचे, आणि बारा-तेरा वर्षांच्या पोरांचे. पंचांनी ‘पोर’ लिहिलं होतं. पण ‘टाच खोल’ होती. काळ्या रानात टाच रुतते ती वजनानं. मी रिकामी चालले आणि भरली पाटी घेऊन चालले, दोन्ही पावलं शिवकांताला दाखवली. पाटीभर जोंधळा डोक्यावर घेऊन, पेवाचा दगड सरकवून जाणारं पोर त्या सालात, त्या उपासात, कुठून यावं?

"मग बाई म्हणून का न्हाय लिहिलं?" शिवकांतानं विचारलं.

गजराबाईनं ते ऐकलं. "बाई? पेवात? पेवात बाईनं उतरायचं नसतंय. दाना किडतो."

"किडतो?"

"आमची सासू सांगायची. कोन कशाला उतरंल?"

म्हणून! पाच पंच त्या पावलाभोवती वाकून उभे होते, मापाची काडी समोर होती, आणि एकाच्याही मनात बाई आली नाही. बाई पेवात उतरतच नाही ना! मच्छिंद्राच्या मनात मात्र आली असणार. जो पाऊल बघून उपास ओळखतो, त्याला बाईचा पाय कळणार नाही?

त्या संध्याकाळी मी आबांपुढं वही उघडली आणि सगळं वाचलं. खडक नव्हता हे ऐकल्यावर त्यांनी मान खाली घातली. "म्हंजे खाल्लाच."

"थांबा की आबा. ऐका पुढं." मी पावलाचं वर्णन वाचलं. डावं पाऊल, टाच खोल, करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली.

चऱ्हाट त्यांच्या हातातून गळलं. "काय म्हनलीस? परत वाच."

मी परत वाचलं.

"डावा?"

"डावाच."

आबा उठले, आत गेले, पाणी न पिताच बाहेर आले. "माज्या आयचा पाय हाय त्यो," ते म्हणाले. "मुक्ताचा. म्या ल्हान असताना तिचं पाय दाबायचो. ती करंगळी म्या सोडवून सरळ करायचो, सोडली की परत चढायची. मला लई हसू यायचं."

मी वही मिटली.

"माजी थोरली भन मथुरा," आबा म्हणाले, "मोठ्या दुष्काळात तान्ही व्हती. आमच्या वस्तीत त्या सालची तेवडी येकच जगली. आय सांगायची, देवानं दिली."

म्हणजे मच्छिंद्रानं डालं उचललं, खाली बघितलं आणि बायकोचं पाऊल ओळखलं. पंचांनी त्याच्या आधीच सगळं लिहून घेतलं होतं, काडी त्याच्या हातात होती, आणि मागे पाच जण उभे होते. खरा माग वस्तीकडं जात असणार. तो उलट्या दिशेला चालू लागला.

आता मला भीती वाटली, पहिल्यांदाच. बोकड लिहायला मी तयार होते. पण पणजी चोर होती, हे सगळ्या गावासमोर, पाटलांसमोर वाचायचं? "आबा, मी नाव घालत न्हाय. ‘एक बाई’ म्हणते. नाहीतर लेखच नको. लंडनचंच लिहिते."

"मला इचार करू दे," आबा म्हणाले.

दोन दिवस ते चऱ्हाटाला शिवले नाहीत. तिसऱ्या सकाळी म्हणाले, "चल, मला पेवापासनं शिवंपतूर ने."

पाटलांचं पेव कधीच बुजलंय, पण जागा सगळ्यांना ठाऊक आहे. तिथून आम्ही निघालो. आबा काठी टेकत, मी छत्री धरून. एक ओढा, दोन नांगरटी, एक बाभळीचं रान. आबा मध्येच थांबून दम खायचे आणि मागं वळून बघायचे. दीड मैल झाला असेल. धोंड्यापाशी पोचल्यावर ते खाली बसले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरले, ऊन लागलं वाटून. पण ते हसत होते. एवढं हसताना मी त्यांना कधीच बघितलं नव्हतं.

"पाच पंच!" ते म्हणाले. "पाटील, कुलकर्नी, समदे पटकं बांधून! वाकून वाकून दाखवलं आसंल त्यानं, हितं बगा, तितं बगा. पाऊल न्हाय आन काय न्हाय. येवडं लांब!" त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "लिव. आयचं नाव लिव. तिनं काय केलं ते बी लिव. ‘येक बाई’ म्हनलीस तर गाव धा बायांची नावं घिईल."

एक मेला सोसायटीच्या ओट्यावर झेंडा झाला, साखर वाटून झाली आणि माझं नाव पुकारलं. बंडप्पा पाटील पुढं खुर्चीवर. आबा खाली, लिंबाच्या सावलीत. मी वाचत गेले. पहिल्या दोन पानांवर लंडन होतं, लोक जांभया देत होते. काडी आली तेव्हा जांभया थांबल्या. चर आला तेव्हा मुकादम मोठ्यानं म्हणाला, "खरं हाय, खडक न्हाईच!" आणि त्याला गप्प बसवावं लागलं. मग मी मुक्ताबाईचं नाव वाचलं. तिची करंगळी वाचली. मथुरा वाचली.

मला पाटलांकडं बघवेना.

"कोंडिबा," पाटील खुर्चीतूनच म्हणाले, "तुला ठावं व्हतं व्हय रे हे?"

"न्हाय पाटील." आबा काठीवर भार देऊन उभे राहिले. "पोरीनं सांगितलं तवा कळलं."

"म्हंजे बोकड न्हवता."

"न्हवता."

"मंग आता तुमाला मागखाऊ म्हनायची सोय ऱ्हायली न्हाय म्हन की."

"कशी न्हाय? म्हना की," आबा म्हणाले. "माग त्यानं खाल्लाच. फकस्त फुकट खाल्ला, कुनाचं काय घिऊन न्हाय."

पाटलांनी पायातला जोडा काढला, पाऊल मांडीवर घेऊन चोळलं आणि म्हणाले, "आन आमच्या आज्याला दीड मैल उन्हातनं तानलं, त्याचं?"

"त्ये बी फुकट!" आबा म्हणाले, आणि आधी पाटीलच हसले.